फिरत्या चाकाचे गणित

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, ही गोष्ट आज शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परंतु पायांखालची जमीन फिरत असल्याची जाणीव आपणांस कधीच होत नाही. घरे, झाडे, नद्या, डोंगर आणि भोवतालची हवा ही सारी आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे सर्व काही स्थिर आहे असेच आपणांस वाटते. म्हणूनच विद्वानांत पूर्वी एक वाद चालत असे. पृथ्वी जर खरोखरच फिरत असेल, तर तिच्यावरून दूर फेकलेल्या वस्तूच्या मार्गात त्या फिरण्याची काही खूण दिसावयास नको काय?

इ. स. १६५१ मध्ये इटलीतील रिच्चोली नावाच्या ज्योतिर्विदाने आपल्या ग्रंथात हाच प्रश्न उपस्थित केला. पृथ्वी फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफेचा गोळा किंचित पूर्वेकडे ढळला पाहिजे. तो तसा ढळलेला कोणी पाहिलेला नाही. तेव्हा पृथ्वी फिरत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाचा पूर्वार्ध अगदी बरोबर होता. गोळा खरोखरच ढळतो. परंतु त्या काळच्या तोफांचा पल्ला इतका थोडा आणि नेम इतका ढोबळ असे, की ते ढळणे कोणाच्या दृष्टीस पडणे शक्यच नव्हते.

गोळ्याचे हे ढळणे आज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते फ्रेंच गणितज्ञ म्हणजे गास्पार गुस्ताव्ह कोरिऑलिस होत. त्यांनी आपले गणित मांडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तोफ नव्हती आणि पृथ्वीही नव्हती. त्यांच्यापुढे होते ते पाण्याच्या जोराने फिरणारे कारखान्यातील एक चाक. ही हकिकत मोठी बोधप्रद आहे.

गुस्ताव्हचा जन्म २१ मे १७९२ रोजी पॅरिस शहरी झाला. तो काळ फ्रान्सच्या इतिहासातील अत्यंत धामधुमीचा होता. राज्यक्रांतीची आग सर्व देशभर पसरली होती. गुस्ताव्हचे वडील राजाच्या सैन्यात अधिकारी होते. १७९३ च्या जानेवारीत राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला. राजाच्या पदरी असलेल्या माणसाला पॅरिसमध्ये राहणे आता धोक्याचे होते. म्हणून हे कुटुंब नान्सी या गावी येऊन राहिले. तेथे वडिलांनी तलवार खाली ठेवून उद्योगधंद्याची वाट धरली. गुस्ताव्हचे बालपण याच गावी गेले.

मुलाची बुद्धी कुशाग्र होती, पण प्रकृती मात्र नाजूक होती. १८०८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या विख्यात विद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. देशातील हुशार विद्यार्थी या परीक्षेस बसत. गुस्ताव्हचा त्यांत दुसरा क्रमांक आला. तेथील अभ्यास संपवून तो पूल आणि रस्ते बांधण्याचे शिक्षण देणाऱ्या विद्यालयात गेला. पुढे सरकारी अभियंता म्हणून व्होज पर्वताच्या परिसरात त्याने काही वर्षे कामही केले. डोंगराळ मुलुखात हिंडावयाचे, थंडीवाऱ्यात उभे राहून रस्त्यांची मापे घ्यावयाची, पुलांच्या कामांवर देखरेख करावयाची, असे ते कष्टाचे जीवन होते.

अशातच वडील निवर्तले. कुटुंबाचा सारा भार तरुण कोरिऑलिस यांच्यावर येऊन पडला. शरीर साथ देत नव्हते आणि घरी मिळकतीची गरज होती. अशा वेळी कोशी या थोर गणितज्ञाने त्यांची शिफारस केली आणि १८१६ साली एकोल पॉलितेक्निकमध्ये त्यांना शिकवणीदाराची जागा मिळाली. मोठ्या प्राध्यापकाने व्याख्यान द्यावे आणि शिकवणीदाराने ते विद्यार्थ्यांकडून घोटून घ्यावे, त्यांच्या शंका फेडाव्यात, त्यांची परीक्षा घ्यावी, अशी तेथील पद्धत होती. हे काम दुय्यम मानले जाई. परंतु कोरिऑलिस यांनी ते कमी लेखले नाही. याच विद्यालयाच्या सेवेत त्यांचे पुढील सारे आयुष्य गेले.

त्या काळी युरोपात यंत्रयुगाचा उदय होत होता. कोठे वाफेवर, तर कोठे नदीच्या प्रवाहावर नवनवी यंत्रे चालू लागली होती. पण कोणते यंत्र अधिक उपयुक्त, हे ठरवावयाचे कसे? एक अभियंता एका मापाने मोजी, तर दुसरा दुसऱ्याच मापाने. शब्दही निरनिराळे असत. त्यामुळे कारखानदार आणि यंत्र बनवणारे यांचा मोठा घोटाळा होई. कोरिऑलिस यांनी रस्त्यांवर आणि पुलांवर स्वतः काम केले असल्यामुळे ही अडचण त्यांना चांगली ठाऊक होती. १८२९ साली त्यांनी यंत्रांच्या परिणामांची गणना कशी करावी, याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादी प्रेरणा लावून वस्तू काही अंतर हलवली असता, प्रेरणा आणि त्या दिशेचे अंतर यांच्या गुणाकाराला त्यांनी 'कार्य' हे नाव दिले. विहिरीतून एक घागर पाणी तीन मीटर वर ओढले काय, किंवा तशाच तीन घागरी एक मीटर वर ओढल्या काय, कार्य सारखेच होते. पाँसले नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच अभियंत्यानेही सुमारे त्याच वेळी हा शब्द स्वीकारला. आज आपण विज्ञानाच्या पुस्तकात कार्य आणि गतिज ऊर्जा यांची जी सूत्रे शिकतो, त्यांना त्यांचे आजचे रूप मिळण्यास हा ग्रंथ मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला.

१८३० साली फ्रान्समध्ये पुन्हा क्रांती झाली आणि नवा राजा गादीवर आला. कोशी देश सोडून निघून गेले. त्यांची मानाची जागा कोरिऑलिस यांच्याकडे चालून आली. परंतु अध्यापनाचा अधिक भार घेतला तर संशोधनास वेळ उरणार नाही, हे जाणून त्यांनी ती नाकारली. आपल्या शरीराची शक्ती मर्यादित आहे, ती कोठे खर्च करावयाची हे आपणच ठरवले पाहिजे, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

या काळात त्यांच्या मनात जो प्रश्न घोळत होता, तो वरवर पाहता अगदी साधा होता. यंत्राचे चाक फिरत असते आणि त्याच्या पात्यांवरून पाणी वाहत असते. म्हणजे पाण्याला दोन गती असतात. एक चाकाबरोबर फिरण्याची आणि दुसरी पात्यावरून सरकण्याची. अशा पाण्यावर कोणकोणत्या प्रेरणा कार्य करतात?

हा प्रश्न समजण्यासाठी जत्रेतील लाकडी घोड्यांचे गोल फिरणारे चक्र डोळ्यांपुढे आणावे. दोन मित्र त्या चक्रावर समोरासमोर बसले आहेत. चक्र डावीकडे वळत, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फिरत आहे. एकाने दुसऱ्याकडे नेम धरून चेंडू फेकला. चेंडू हवेतून जात असतानाच चक्र फिरून जाते आणि मित्र आपल्या पहिल्या जागेवर राहत नाही. चेंडू त्याच्या बाजूने निघून जातो. खाली जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला चेंडू सरळ गेलेला दिसतो; परंतु चक्रावर बसलेल्या मुलांना मात्र तो उजवीकडे वळत गेल्यासारखा वाटतो. जणू काही कोणी अदृश्य हाताने त्याला बाजूला ढकलले!

फिरत्या चाकावरील वस्तू केंद्रापासून बाहेर फेकली जाऊ पाहते, हे गणितज्ञांना पूर्वीच माहीत होते. १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कोरिऑलिस यांनी दाखवून दिले की, वस्तू चाकावर सरकत असेल तर या प्रेरणेखेरीज आणखी एक प्रेरणा हिशेबात घ्यावी लागते. तिला त्यांनी संयुक्त केंद्रोत्सारी प्रेरणा असे नाव दिले. चाक दुप्पट वेगाने फिरले तर ती दुप्पट होते; वस्तू दुप्पट वेगाने सरकली तरीही ती दुप्पट होते; आणि वस्तू चाकावर स्वस्थ बसून राहिली तर ती मुळीच उरत नाही. चाकावर बसलेल्या मुलांना जो अदृश्य हात वाटला, त्याचेच हे अचूक माप होते.

याच वर्षी त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले. त्याचा विषय होता बिलियर्ड्सचा खेळ! काठीचा टोला कोठे आणि कसा बसला असता चेंडू कोणत्या वाटेने जाईल, याचे संपूर्ण गणित त्यांनी त्यात मांडले. स्वतःभोवती फिरत जाणाऱ्या चेंडूची वाट कशी वाकते, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. चाक असो की खेळातला चेंडू असो, जे जे फिरते त्याचा नियम शोधून काढण्याचा त्यांना जणू ध्यासच लागला होता.

पुढच्याच वर्षी नाव्हिये या प्रसिद्ध अभियंत्याचे निधन झाले. पूल आणि रस्ते यांच्या विद्यालयातील त्यांचे अध्यासन आणि फ्रान्सच्या विज्ञान परिषदेतील त्यांची जागा, हे दोन्ही मान कोरिऑलिस यांना मिळाले. १८३८ साली ते एकोल पॉलितेक्निकमध्ये अभ्यासक्रमाचे संचालक झाले. बावीस वर्षांपूर्वी ज्या विद्यालयात ते शिकवणीदार म्हणून आले होते, तेथील सर्व अध्ययनाची जबाबदारी आता त्यांच्यावर आली. या मोठ्या पदावरही विद्यार्थ्यांच्या लहानसहान गैरसोयींकडे त्यांचे लक्ष असे. वर्गांतून थंड पाण्याची पात्रे ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. विद्यार्थी त्या पात्रांना कौतुकाने 'कोरिओ' म्हणू लागले.

परंतु प्रकृती दिवसेंदिवस ढासळत चालली होती. १८४३ च्या वसंत ऋतूत आजार बळावला आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, पॅरिस येथे कोरिऑलिस यांनी इहलोकीची यात्रा संपवली. मोंपार्नास येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. आपल्या गणिताची खरी व्याप्ती किती आहे, हे त्यांच्या लेखनात कोठेही आढळत नाही.

ती व्याप्ती इतरांनी ओळखली. पृथ्वी हेही एक प्रचंड फिरते चाकच नव्हे काय? विषुववृत्तावरील प्रत्येक ठिकाण ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. उत्तरेकडे जावे तसा हा वेग कमी होतो. पॅरिसच्या अक्षांशावर तो ताशी सुमारे १,१०० किलोमीटर आहे, आणि ध्रुवावर तो शून्य होतो. आता उत्तर गोलार्धात एखाद्या नेमबाजाने ठीक उत्तरेकडे गोळी झाडली असे समजू. बंदुकीतून सुटताना गोळीला पुढचा वेग मिळतोच, पण नेमबाजाच्या पायांखालच्या जमिनीचा पूर्वेकडील वेगही तिच्या अंगी असतो. समोरचे लक्ष्य अधिक उत्तरेस असल्यामुळे पूर्वेकडे किंचित कमी वेगाने जात असते. म्हणून गोळी लक्ष्याच्या पूर्वेस, म्हणजे नेमबाजाच्या उजवीकडे, जाते. दक्षिणेकडे झाडलेली गोळी याच कारणाने मागे पडून पश्चिमेकडे ढळते. तीही नेमबाजाची उजवीच बाजू होय. दक्षिण गोलार्धात हेच ढळणे डावीकडे होते. पूर्वेकडे झाडलेल्या गोळीच्या वेगात पृथ्वीच्या वेगाची भर पडते, म्हणून ती किंचित वर लागते. पश्चिमेकडे झाडलेली किंचित खाली लागते.

हे ढळणे किती असते? पृथ्वीला एका फेरीस चोवीस तास लागतात. घड्याळाचा तासकाटासुद्धा याच्या दुप्पट वेगाने फिरतो. त्यामुळे शंभर मीटरवरील लक्ष्यावर रायफलची गोळी एक मिलिमीटरही ढळत नाही. परंतु लक्ष्य १,००० मीटरवर असेल आणि गोळीला तेथे पोहोचण्यास दीड सेकंद लागत असेल, तर ४५ अंश अक्षांशावर ती सात ते आठ सेंटिमीटर उजवीकडे जाते. मुंबईच्या अक्षांशावर हेच ढळणे सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरते. वाऱ्याची साधी झुळूकही इतक्या अंतरावर गोळीला याहून पुष्कळ अधिक हलवते. म्हणून लांब पल्ल्याचा नेमबाज प्रथम वाऱ्याचा अंदाज घेतो. पण अचूक नेम साधावयाचा तर पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेबही त्याला सोडून चालत नाही.

कोरिऑलिस हयात असतानाच प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने तोफगोळ्यांच्या बाबतीत पृथ्वीच्या फिरण्याचा विचार केला होता. पुढे १८५१ साली फूको या शास्त्रज्ञाने पॅरिसमधील पाँथेऑन या भव्य वास्तूच्या घुमटाला ६७ मीटर लांबीच्या तारेने २८ किलोग्रॅम वजनाचा गोळा टांगला आणि त्याला झोका दिला. तासातासाने त्या झोक्याची दिशा हळूहळू पालटत गेली. पृथ्वी फिरते, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. रिच्चोलीला हवी असलेली खूण अखेर दोनशे वर्षांनी सापडली.

यानंतर हवामानशास्त्रज्ञांनी वाऱ्यांचा आणि समुद्रप्रवाहांचा याच दृष्टीने अभ्यास केला. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात जेव्हा चक्रीवादळ उठते, तेव्हा कमी दाबाच्या केंद्राकडे धावणारे वारे उजवीकडे ढळतात आणि त्यामुळे ते वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञ या प्रेरणेचा उल्लेख कोरिऑलिसच्या नावाने करू लागले.

त्याच शतकात या ज्ञानाला एक दुःखद उपयोगही सापडला. पहिल्या महायुद्धात, २३ मार्च १९१८ रोजी सकाळी, पॅरिसवर अकस्मात तोफगोळे पडू लागले. शत्रूची फौज तर जवळपास कोठेच नव्हती. जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटर अंतरावरील रानात एक अजस्र तोफ उभारली होती. तिचा गोळा आकाशात सुमारे ४० किलोमीटर उंच जाई आणि जवळजवळ तीन मिनिटांनी खाली येई. एवढ्या अवधीत पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सुमारे एक किलोमीटर ढळत असे. तो हिशेब गोलंदाजांना आधीच करून ठेवावा लागे. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, गुड फ्रायडेच्या दिवशी, असा एक गोळा सेंट जर्व्हे या प्रार्थनामंदिरावर पडून प्रार्थनेस जमलेली अनेक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या नगरीत कोरिऑलिस जन्मले आणि जेथे त्यांनी आपले गणित मांडले, त्याच नगरीवर त्या गणिताच्या साहाय्याने नेम धरला गेला!

यात दोष गणिताचा नव्हता. वादळाची पूर्वसूचना देऊन कोळ्यांचे आणि खलाशांचे प्राण वाचवण्यासाठीही हेच गणित वापरले जाते. ज्ञान हे धारदार शस्त्रासारखे असते. ते कोणत्या कामी लावावयाचे, याचा निर्णय माणसालाच करावा लागतो.

१८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोरा उभा राहिला. फ्रान्सची कीर्ती वाढवणाऱ्या ७२ शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावे त्यावर कोरण्यात आली. त्यांत कोशी, नाव्हिये, प्वासाँ आणि फूको यांच्याबरोबर कोरिऑलिस यांचेही नाव आहे. दुबळे शरीर, अकाली येऊन पडलेला संसाराचा भार आणि दुय्यम समजली जाणारी नोकरी, या साऱ्या अडचणींत त्यांनी हाती घेतलेला छोटा प्रश्न शेवटपर्यंत सोडवला. चाकावरून वाहणाऱ्या पाण्याचा नियम त्यांनी इतक्या काटेकोरपणे शोधला, की पुढे सर्व पृथ्वीवरील वाऱ्यांना आणि समुद्रांनाही तोच नियम लागू पडला.